गोधडी घरातच शिवावी की गाळ्यात? (घरी हातकाम करणाऱ्यांसाठी)

सुईदोरा | सोमवार, रात्री १०:१२

गेली अकरा वर्षं मी घरी गोधड्या शिवते. पुण्यात सहकारनगरला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. बाहेरची खोली सकाळी साडेनऊ ते दुपारी चार माझी. चारला गोधडी गुंडाळून दिवाणाखाली सरकवते, कारण मुलगा शाळेतून येतो आणि ती खोली परत सगळ्यांची होते.

नऱ्ह्याला ओळखीतल्यांचा एक गाळा रिकामा झालाय. भाडं परवडेल असं आहे. दिवाळीपर्यंत चौदा गोधड्या द्यायच्यात, मदतीला दोघीजणी येतात आणि तिघींना पाय पसरायलासुद्धा जागा नाही. नवरा म्हणतो, घेऊन टाक. हिशेबाने त्याचं बरोबर आहे. तरी पंधरा दिवस झाले, मला हो म्हणवत नाहीये.

साधारण दहाला गॅलरीतून ऊन आत येतं आणि फरशीवरून सरकत सरकत अकरापर्यंत गोधडीच्या कडेला पोचतं. त्या तासात मी शिवत नाही. दहा सुया ओवते, दोऱ्याला मेण लावते आणि सुया ओळीने उशीत टोचून ठेवते. मग कुकर लावते. तिसरी शिट्टी झाली की पहिला टाका. दुसरं सुख लुगडं फाडण्याचं. जुन्या सुती लुगड्याला काठाजवळ कात्रीचा एक चिमटा द्यायचा आणि दोन हातांनी ओढायचं. धाग्याला धरून ते सरळ फाटत जातं. तो आवाज ऐकला की पुढच्या दोन महिन्यांचं काम सुरू झाल्यासारखं वाटतं.

हे सगळं गाळ्यात होईल का? तुम्ही घरी काही बनवत असाल तर तुमच्या दिवसात असं काय आहे? आणि ज्यांनी काम घराबाहेर नेलं त्यांना काय मिळालं, काय गेलं? मोकळेपणाने लिहा.

रेवडी | सोमवार, रात्री १०:३१

चौदा गोधड्या आणि एक दिवाण! दिवाणाचा माळा झाला असेल ताई.

काटेरी | सोमवार, रात्री १०:५८

मी हलव्याचे दागिने करते, शनिवार पेठेत. माझं काम घराबाहेर जाऊच शकत नाही, त्याचं कारण सांगते.

हलव्याला काटा येतो तो थंडीत. डिसेंबर लागला की मी पहाटे चारला उठते. परातीत साबुदाणा घ्यायचा, खाली अगदी मंद आच, वरून चमचाभर पाक आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचं. एका वेळी जास्त पाक घातला की सगळा गोळा होतो. पाकाचे असे किती हात द्यायचे ते मोजत नाही, दाणा सांगतो. आभाळ आलं की काटा धरत नाही, हवा दमट झाली की धरलेला काटाही बसतो. आता पहाटे चारला कोण गाळ्यावर जाणार? घरात शाल पांघरून, डोक्याला रुमाल बांधून बसते. सगळे झोपलेले असतात. परातीतल्या दाण्यांचा खळखळ आवाज आणि बाहेर पहिला दूधवाला. सहाच्या सुमाराला दाण्यावर पहिले टोकदार काटे दिसतात तेव्हा एकटीच खुदकन हसते.

त्यानंतर हार, नथ, बाजूबंद, कंबरपट्टा, बोरन्हाणाचा मुकुट. ते काम दिवसा, माणसांत बसून. पण काट्याचं काम पहाटेचंच.

शाईपेन | सोमवार, रात्री ११:२०

+१ काटेरीताई. वाखु (वाचनखूण) साठवली.

कसब्यातला | मंगळवार, सकाळी ७:०५

घर की गाळा हा प्रश्न आपल्याला आज पडतो. माझं लहानपण कसबा पेठेत, तांबट आळीच्या जवळ गेलं. तिथे खाली भट्टी आणि ऐरण, वर किंवा मागे घर. मुलं हातोडीच्या ठोक्यातच अभ्यास करायची. तांब्याच्या भांड्यावर जे छोटे छोटे खोलगट ठोके दिसतात त्याला मठारकाम म्हणतात. ते शोभेसाठी असतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ठोकून ठोकून पत्रा घट्ट होतो, भांड्याला ताकद येते. एकसारखा ठोका पडायला वर्षं लागतात. आम्ही पोरं डोळे मिटून ओळखायचो की आज थोरले मालक ठोकतायत की त्यांचा मुलगा.

कुंभारवाडा, बुरुड आळी, सगळीकडे हेच होतं. काम घरात आणि घर कामात. सुईदोराताई, तुम्ही काही वेगळं करत नाही आहात.

जास्वंद_वारजे | मंगळवार, सकाळी ९:४०

मला जरा वेगळं म्हणायचंय, रागावू नका.

माझी आई घरी मोत्यांचं काम करायची. तन्मणी, चिंचपेटी, नथी. मणी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून यायचे. घरभर मणी. जेवताना पायाला मणी, अंथरुणात मणी. पाहुणे आले की आई काम झाकायची, जणू काही चुकीचं करतेय. आणि घरात असल्यामुळे ती सगळ्यांना सापडायची. गॅसवाला आला, आई. आजोबांची गोळी, आई. शेजारच्यांची किल्ली, आई. बाबा ऑफिसला जायचे म्हणून ते काम होतं, आई घरी असायची म्हणून तिचा तो वेळ जात होता. असंच सगळे म्हणायचे, 'वेळ छान जातो नाही तुमचा?'

आईने नथीचे पैसे कधी नीट मागितले नाहीत. बाहेर जागा असती, दारावर पाटी असती, तर मागितले असते असं मला आजही वाटतं. घराच्या उन्हाबद्दल वाचून छान वाटलं, पण त्या उन्हाची किंमत कोणीतरी देत असतं. तुमच्या मुलाला विचारा की चार वाजता गोधडी सरकते तेव्हा त्याला काय वाटतं.

रेवडी | मंगळवार, सकाळी ९:५२

जास्वंद, हे वाचून गप्प झाले.

खळ_आणि_पुठ्ठा | मंगळवार, दुपारी १:१५

मी पुस्तकबांधणी करतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर शिकलो, आता आठ वर्षं झाली. घर कर्वेनगरला.

जास्वंदताईंचं म्हणणं शंभर टक्के पटलं, फक्त एक भर घालतो. वेळ ठरवून घेतला आणि तो घरच्यांनी पाळला तर घरातलं कामही काम म्हणून उभं राहतं. मी पुरुष, त्यात निवृत्त. माझ्या 'वेळ जाण्याला' कोणी नावं ठेवली नाहीत, उलट कौतुकच झालं. हे बरोबर नाही, पण खरं आहे.

माझं सुख खळीत आहे. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवायचा, सतत ढवळायचा आणि चिमूटभर मोरचूद घालायचा म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही. (मोरचूद विषारी असतो. भांडं, चमचा वेगळा ठेवा, मुलांच्या हाती लागू देऊ नका.) खळ गार होताना तिच्यावर साय धरते. ती बाजूला करून ब्रश बुडवायचा. कागदासाठी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जातो. १९४० सालची संस्था आहे. तिथे कागद बोटांत धरून उजेडाकडे बघता येतो. जायचं म्हणून जातो आणि दोन तास काढून येतो.

गाळा घेतला असता तर मी रोज आठ तास बसलो असतो आणि सहा महिन्यांत कंटाळलो असतो. हे माझ्यापुरतं. माझ्यावर घर चालत नाही.

धायरीकर | मंगळवार, दुपारी ३:३०

आता मी लिहितोच, कारण मी गाळा घेतला होता.

आकाशकंदील करतो, कामट्या बुरुड आळीतून आणि पतंगाचा कागद. आधी घरी करायचो. मग धायरीला गाळा घेतला, अडीच वर्षं चालवला. फायदे सांगतो: कामट्या उभ्या राहतात, घरात त्या दारामागे ठेवाव्या लागायच्या. रात्री कंदील वाळत टाकून बिनधास्त कुलूप लावता येतं. चार पोरं एकाच वेळी बसतात. आणि कुणी 'जरा खाली जाऊन कोथिंबीर आण' म्हणत नाही.

तोटे: विजेचं बिल व्यावसायिक दराने. भाडं बारा महिने, कंदील तीन महिने. नऊ महिने मी रिकाम्या गाळ्याचं भाडं भरलं आणि ते भरण्यासाठी मला न आवडणारी, छापील चित्रांची कामं घ्यावी लागली. तेव्हा कळलं की मी कंदील करत नाहीये, गाळा सांभाळतोय. सोडला. आता घरीच करतो आणि गणपतीनंतर दोन महिने सोसायटीतल्या एकांची बंद गॅरेज भाड्याने घेतो.

तुमचं काम बाराही महिने असेल तर माझा हिशेब तुम्हाला लागू होणार नाही. महिन्याला किती गोधड्या होतात आणि भाडं त्यातल्या कितव्या गोधडीत निघतं हे आधी कागदावर मांडा.

शाईपेन | मंगळवार, दुपारी ४:१०

थोडं कोरडं पण कामाचं. गाळा घ्या न घ्या, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा. सरकारी पोर्टलवर होते, फुकट आहे. पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका. राज्यातल्या राज्यात वस्तू विकत असाल तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. शिंपी, कुंभार, टोपल्या विणणारे आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्ज, पहिल्यांदा १ लाखापर्यंत. गोधडी शिंपीकामात बसते का ते योजनेच्या नोंदणी केंद्रावर विचारून घ्या.

मंडईमागचा | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

गोधडीचा विषय निघाला म्हणून. माझं वय आता सत्तरीच्या पुढे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा मी शाळकरी पोर होतो, नदीजवळ राहायचो. आम्ही उंचावर पळालो. पाणी उतरल्यावर परत आलो तर घरात गुडघाभर चिखल. आजीने आधी भांडी नाही शोधली, गोधडी शोधली. सापडली. पाणी पिऊन इतकी जड झाली होती की बाबा आणि काका दोघांना उचलेना. आजीने ती पायऱ्यांवर टाकून, पाय देऊन देऊन चिखल काढला. चार दिवस वाळत होती. रंग गेले, पण एक टाका उसवला नाही. त्याच गोधडीत आम्ही पाच भावंडं पुढे कितीतरी वर्षं झोपलो.

ताई, तुमचा टाका किती लांब असतो?

सुईदोरा | मंगळवार, रात्री ९:३०

आजोबा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि मग मुलालाही वाचून दाखवला. साध्या धावदोऱ्याने शिवते, टाका तांदळाच्या दाण्याएवढा. कडेपासून सुरू करून चौकोनात आत आत येते. माझी आजी तसंच करायची. तिचा टाका माझ्याहून लहान होता.

धायरीकर दादा, हिशेब मांडला. भाडं महिन्याच्या दुसऱ्या गोधडीत निघतं. म्हणजे पैशाने जमतंय.

जास्वंद, तुमच्या प्रतिसादावर उद्या लिहिते. आज जमणार नाही.

पोळपाट | मंगळवार, रात्री ९:४४

विषयांतर करते. गोधडीला नव्या साड्या चालतात का? कपाटात एकदाही न नेसलेल्या सहा सिंथेटिक पडल्यात.

सुईदोरा | मंगळवार, रात्री ९:५१

सिंथेटिक नको. सुई आत जाताना कुरकुरते, कापड सरकतं, घामही शोषत नाही. सुती, नेसून नेसून मऊ झालेल्या पाच-सहा साड्या लागतात. नवी सुती असेल तर आधी रात्रभर पाण्यात टाकून खळ काढा, नाहीतर बोट सोलवटतं. अंगुस्तान घालूनसुद्धा.

रेवडी | मंगळवार, रात्री १०:०२

पोळपाट, त्या सहा साड्या मला दे, मी नेसते.

पोळपाट | मंगळवार, रात्री १०:०५

ये घेऊन जा, बिबवेवाडीला. पण गुरुवारी नको, पाणी नसतं, चहा मिळणार नाही.

काटेरी | मंगळवार, रात्री १०:४०

जास्वंदच्या आईवरून मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्यांनीच मला हलवा शिकवला. त्या पैसे घेत नसत, 'लेकीबाळींचं असतं' म्हणायच्या. मी पहिल्या वर्षी पैसे सांगितले तेव्हा त्या आत निघून गेल्या. रात्री म्हणाल्या, 'किती सांगितलेस?' मी आकडा सांगितला. म्हणाल्या, 'कमी सांगितलास. नथीला वेगळे घे, नथीला डोळे जातात.' तेव्हापासून नथीचे वेगळे घेते. घरातच बसून घेते.

जास्वंद_वारजे | मंगळवार, रात्री ११:१५

काटेरीताई, आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'त्यांच्या सासूबाई शहाण्या होत्या असं सांग त्यांना.'

सुईदोरा | बुधवार, दुपारी २:२०

लिहिते म्हणाले होते.

मुलाला विचारलं. सातवीत आहे. मला वाटलं म्हणेल, आई खोली अडते. तो म्हणाला, 'मला गोधडीचं काही नाही. मला कापडांच्या पिशव्यांचं आहे.' खरंच, पलंगाखाली, कपाटावर, त्याच्या टेबलाखाली लोकांनी आणून दिलेल्या साड्यांच्या एकवीस पिशव्या आहेत. त्याचे पाय टेबलाखाली जात नाहीत. अकरा वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं, आणि त्याचं मला वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट कालची. सकाळी एक काका आले, पंचाहत्तरीचे असतील. पिशवीत बायकोच्या पाच साड्या. त्या जाऊन वर्ष झालं. मी नेहमीप्रमाणे साड्या पसरल्या आणि कोणती वर घ्यायची, कोणती अस्तराला ते विचारलं. त्यांनी प्रत्येक साडी कुठून घेतली ते सांगितलं. एक लक्ष्मी रोडची, दिवाळीची. एक माहेरची. एकीला पदराजवळ हळदीचा डाग होता, तो काढू नका म्हणाले. मी कुकर लावला होता, तो झाला. त्यांना वरणभात वाढला, तेही संकोच न करता जेवले. पहिली साडी फाडायच्या आधी मी विचारलं, 'तुम्ही फाडता का?' म्हणाले, 'तुम्हीच फाडा, मी धरतो.' एक टोक त्यांनी धरलं, एक मी.

रात्रभर हाच विचार करत होते. गाळ्यात ते आले असते तर पावती घेऊन गेले असते. वरणभात झाला नसता आणि मी 'तुम्ही फाडता का' असं विचारलंही नसतं. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं अशीच येतात, कुणाचं तरी काहीतरी घेऊन. त्यांना बसायला घर लागतं. मला दहाच्या उन्हाचं वाईट वाटत होतं, पण अडकले होते ते यामुळे. मला ते शब्दांत सांगता येत नव्हतं.

खळ_आणि_पुठ्ठा | बुधवार, दुपारी ३:०५

सुईदोराताई, हे खरं आहे. माझ्याकडे लोक आजोबांची पोथी घेऊन येतात आणि आधी अर्धा तास आजोबांबद्दल बोलतात. पुठ्ठ्याचा रंग विचारायला त्यानंतर सुरुवात होते.

जास्वंद_वारजे | बुधवार, दुपारी ३:४०

हळदीचा डाग. बरं केलंत लिहून.

पण पिशव्यांचं काय करणार? ते तसंच राहिलं तर माझा मुद्दा कायम.

धायरीकर | बुधवार, संध्याकाळी ५:१०

जास्वंद बरोबर बोलतायत. माझ्या गॅरेजसारखं करा. शिवणं घरात, साठवण बाहेर. नऱ्ह्याचा अख्खा गाळा कशाला? पिशव्या ठेवायला आणि दोघीजणींना कडा शिवायला एक खोली पुरेल. सिमेंटची जमीन असेल तर खाली फळ्या टाका, पावसाळ्यात ओल वर चढते आणि कापडाला बुरशी धरते. डांबरगोळ्यांऐवजी कडुनिंबाचा वाळवलेला पाला ठेवा, गोधडीला वास राहत नाही.

सुईदोरा | बुधवार, रात्री १०:०५

आज ठरलं. गाळा नाही घेत. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरच्या आजी मुलीकडे गेल्यात, त्यांची मागची खोली महिन्याच्या भाड्याने मिळतेय, गाळ्याच्या चौथ्या हिश्श्यात. एकवीस पिशव्या शनिवारी खाली जातील. मदतीला येणाऱ्या दोघी तिथे बसतील. माणसं आणि पहिली फाडणी वर, माझ्या बाहेरच्या खोलीत. दारावर पाटीही लावणार आहे, दर लिहून. हे जास्वंदच्या आईंसाठी.

मुलगा पिशव्या उतरवायला तयार आहे. टेबलाखाली पाय पसरून बसला आणि म्हणाला, इथे इतकी जागा होती?

काटेरी | बुधवार, रात्री १०:२२

पाटीवर घरी मिळण्याची वेळही लिही. साडेनऊ ते चार. नाहीतर जेवताना बेल वाजते.

मंडईमागचा | गुरुवार, सकाळी ६:५०

आजीची गोधडी अजून आहे. एका कोपऱ्यात विरली आहे. तुमची पाटी लागली की घेऊन येतो. तांदळाएवढा टाका चालेल.

सुईदोरा | गुरुवार, सकाळी ८:१५

या आजोबा. साडेनऊनंतर कधीही. सुया ओवून ठेवते.